शत्रूही रंगवावा लागतो : युद्धपटावरच्या इंचभर सैनिकांची गोष्ट (धागा)

दरवर्षी २१ डिसेंबरच्या सुमारास, उत्तर गोलार्धातील सर्वांत लांब रात्री, ब्रिटन आणि कॅनडापासून युरोपातील अनेक देशांपर्यंत विखुरलेली काही माणसे एक संकल्प सोडतात. मार्चमधल्या विषुवदिनापर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत, आपण अमुक इतके सैनिक रंगवून पूर्ण करू. हे सैनिक धातूचे किंवा प्लास्टिकचे असतात, २८ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाहून किंचित उंच. पायदळाच्या एका सैनिकाला पाच गुण, घोडेस्वाराला दहा. लक्ष्य ज्याचे त्याने जाहीर करायचे. बाकीच्यांनी कौतुकही करायचे आणि मागे पडला तर टोचायचेही.

या छंदात 'शिशाचा डोंगर' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. हौसेने विकत घेतलेल्या, पण कधीच न रंगवलेल्या आकृत्यांचा घरातला ढीग, असा त्याचा अर्थ. ग्रंथप्रेमी माणसाच्या घरी न वाचलेल्या पुस्तकांची जी चळत असते, तिचाच हा सख्खा भाऊ. एकट्याने बसून हा डोंगर कधी हलत नाही. चारचौघांसमोर शब्द दिला की हलतो.

मंडळी, या खेळाला इंग्रजीत वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावर डोंगर, नद्या, गावे मांडायची, दोन बाजूंच्या फौजा उभ्या करायच्या आणि नियम, मोजपट्टी व फासे यांच्या आधारे एखादी ऐतिहासिक लढाई पुन्हा लढायची. खेळ एका संध्याकाळी संपतो, फौज रंगवायला मात्र वर्ष जाते. आजचा धागा खेळाविषयी कमी आणि या रंगवण्याविषयी अधिक आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात जे दिसले, ते सांगण्यापूर्वी घरची एक छोटी आठवण.

आपण सगळेच दिवाळीत किल्ला करत आलो आहोत. माती, गोणपाट, अळिवाची शेती, वर सिंहासनावर महाराज आणि पायथ्यापासून बुरुजापर्यंत मावळे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मला वाटले की किल्ल्याला वेढा पडलेला दाखवावा. हात मोडलेल्या चार मावळ्यांना मी जलरंगाने नवे अंगरखे चढवले आणि त्यांना मोगल शिपाई करून तटाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघे नव्हते. काकांनी उचलून ठेवले होते. "अरे, आपल्या किल्ल्यावर शत्रू कशाला?" त्यांचा प्रश्न प्रेमाचाच होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे.

युरोपात हे छोटे सैनिक मोठ्या संख्येने प्रथम बनू लागले ते जर्मनीतील न्यूरेंबर्गमध्ये, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हिल्पर्ट घराण्याचे नाव त्यात अग्रभागी येते. पाटीच्या दगडावर उलटा साचा कोरायचा, त्यात कथिलाचा मिश्रधातू ओतायचा आणि पत्र्यासारखी चपटी आकृती काढायची. १८३९ साली तिथेच एर्न्स्ट हाइनरिक्सन याने आपला कारखाना काढला, आणि १८४८ पासून त्याने ठरवलेली सुमारे ३० मिलिमीटरची उंची हे पुढे या धंद्याचे प्रमाण होऊन बसले. सैनिक वजनावर विकले जात. आपल्याकडे शेव-चिवडा घ्यावा तसे पाव पौंड, अर्धा पौंड सैन्य लाकडी डबीत मिळे.

ते रंगवत कोण? घरी काम नेणाऱ्या बायका आणि मुले, नगावर मजुरी घेऊन. ही गोष्ट छंदाच्या चकचकीत इतिहासात एका ओळीत उरकली जाते. मला ती तशी उरकावीशी वाटत नाही. आज जे काम माणसे विरंगुळा म्हणून, स्वतःला मुदत घालून, आनंदाने करतात, तेच काम तेव्हा दिव्याच्या उजेडात पोटासाठी चाले. गणवेशाचा रंग बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार त्या हातांना नव्हता.

गंमत अशी, की ज्या लोकांनी युद्धखेळ गांभीर्याने घेतला त्यांना या सैनिकांची गरजच वाटली नाही. प्रशियाचा तरुण अधिकारी राइसवित्स याने १८२४ मध्ये वडिलांच्या कल्पनेवरून सुधारलेला 'क्रीगश्पील' सादर केला. १:८००० प्रमाणाचा नकाशा, फासे, पंच आणि तांबडे-निळे आयताकृती ठोकळे. तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता आणि प्रशियाच्या लष्करात रुजला. ठोकळ्याला चेहरा नसतो, म्हणून तो सोयीचा असतो. रंगीत सैनिक आणि मोजूनमापून केलेले नियम हे दोन प्रवाह त्यानंतरही बराच काळ निराळेच वाहत राहिले.

ते एकत्र आले लेखकांच्या घरांत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२च्या हिवाळ्यात दावोसला क्षयावर हवापालट म्हणून राहत होता. तिथे तो आपल्या सावत्र मुलासोबत जमिनीवर टीनच्या सैनिकांचे तपशीलवार युद्ध लढे. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती साधली. धातू कमी लागू लागला, सैनिक स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय घरांत पलटणी उतरल्या. त्याच सैनिकांवर लाकडी गोळे झाडत एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे नियमांचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धाचा तिटकारा असलेल्या माणसाने हा खेळ रचला, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

पण माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण माणूस वेल्स नव्हे, आणि तो खेळाडूही नव्हता. त्याचे नाव विल्यम सायबॉर्न.

सायबॉर्न हा ब्रिटिश लष्करातला भूमापन जाणणारा अधिकारी. १८३० मध्ये त्याच्याकडे वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याचे काम आले. १८ जून १८१५ ची ही लढाई त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. म्हणून तो रणभूमीवर गेला, ला-ए-सँत या शेतवाडीत सुमारे आठ महिने राहिला आणि सगळ्या चढउतारांची मोजणी केली. मग त्याने असे काही केले, जे त्या काळी कोणत्याही इतिहासकाराने एवढ्या प्रमाणात केले नव्हते. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती? रचना कशी होती? समोर शत्रूचे कोण होते? तुम्ही उभे होता त्या शेतात पीक कोणते होते?

पिकाचा प्रश्न वाचून मी थांबलो होतो. सेनापतींच्या चरित्रांत पीक येत नाही. पण प्रतिकृती करणाऱ्याला जमीन कोणत्या रंगाने रंगवायची हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुस्तकात तुम्ही 'शेतातून पलटण पुढे सरकली' असे लिहून मोकळे होता. टेबलावर ते शेत हिरवे, पिवळे की तुडवलेले, याचे उत्तर द्यावेच लागते. रंग हातात आला की मोघमपणा संपतो. सायबॉर्नकडे उत्तरादाखल शेकडो पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे १८९१ मध्ये त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूवर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आजही त्यांच्यापाशी येतो. एका प्रतिकृतीच्या हट्टापायी जगाला एक दफ्तर मिळाले.

सरकारने मध्येच पैसा थांबवला. सायबॉर्नने पदरमोड केली, कर्ज काढले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली गेली : सुमारे ४०० चौरस फूट जमीन आणि तीवर सत्तर हजारांहून अधिक इवलेसे सैनिक. एक शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. सायबॉर्नच्या हाती मात्र त्यातले फारसे काही लागले नाही.

आता खरा पेच. सायबॉर्नने निवडलेला क्षण होता नेपोलियनच्या शाही रक्षकदलाचा अखेरचा हल्ला. पुरावे जुळवताना त्याला दिसले की त्या क्षणी ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने रणभूमीवर पोचून लढत होते. म्हणून त्याने ते मांडले, हजारोंनी मांडले. हे ड्यूक ऑफ वेलिंग्टनला रुचले नाही. एवढे प्रशियन टेबलावर उभे राहिले तर विजय कुणामुळे झाला, असा प्रश्न शिलिंग देऊन आत आलेला प्रत्येक माणूस विचारणार! लष्करी वर्तुळातून दबाव आला, सायबॉर्न काही काळ अडून राहिला, आणि शेवटी प्रशियन आकृत्यांची मोठी संख्या पटावरून उतरवली गेली. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबॉर्न १८४९ मध्ये वारला.

इथे शत्रू नव्हे, तर मित्रच उचलून ठेवले गेले होते. काकांनी उचललेले माझे चार मोगल मला हे वाचताना आठवले नसते तरच नवल.

वेलिंग्टनचा धागा इतक्यात सोडू नका, त्याच्याकडे परत यायचे आहे. त्याआधी विसाव्या शतकातले दोन-तीन टप्पे भराभर सांगतो. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी याने या खेळाला वाहिलेले 'वॉर गेम डायजेस्ट' हे नियतकालिक सुरू केले. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचे 'वॉर गेम्स' आले. १९५९ पासून एअरफिक्सच्या स्वस्त प्लास्टिक सैनिकांनी शाळकरी मुलांनाही सेनापती केले होते, फक्त त्या मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नसे. १९७९ मध्ये सिटाडेल मिनिएचर्स, १९८३ मध्ये वॉरहॅमर, १९८७ मध्ये केवळ रंगकामासाठी असलेली 'गोल्डन डीमन' ही स्पर्धा. कल्पनाविश्वातल्या राक्षसांनी इतिहासातल्या शिपायांपेक्षा जास्त बाजार मिळवला. वॉरहॅमर ४०,००० च्या २०२० च्या नियमांत तर पूर्ण रंगवलेली फौज आणणाऱ्याला शंभरातले दहा गुण आयतेच मिळू लागले.

रंगवण्याची रीत थोडक्यात अशी. आधी अस्तराचा हात. मग अंगरखा, पट्टा, कातडी, धातू यांचे मूळ रंग. त्यावर पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडायचा, तो चुण्यांत जाऊन बसतो. शेवटी उंचवट्यांच्या कडांवर फिकट रंग. ही सावली मुद्दाम रंगवावी लागते, कारण इंचभर वस्तू स्वतःची पुरेशी सावली पाडत नाही. दोन हातांवरून ती सपाट ठिपका दिसते. आणि डोळे! पेणच्या गणपती-कारखान्यांत डोळ्यांची आखणी सर्वांत जाणत्या हाताकडे का असते, हे मला पहिल्या सैनिकाच्या वेळी कळले. माझा तो शिपाई आजही एकाच वेळी दोन्ही बगलांवर लक्ष ठेवून आहे.

पण हाताच्या कौशल्याहून मोठी अडचण वेगळीच असते. समजा, तुम्ही वॉटर्लूच्या ब्रिटिश पलटणीसाठी तांबड्या रंगाची बाटली उघडली. कोणता तांबडा? साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेने रंगवलेला, म्हणजे विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोचिनील या किड्यापासून काढलेल्या महाग रंगाचा, लखलखीत लाल. एकाच पलटणीत दोन तांबडे, आणि त्यांच्यामधले अंतर पगाराचे आणि जन्माचे. शिवाय मोहिमेत सहा महिने उन्हापावसात काढले की मंजिष्ठेचा रंग उडतो आणि विजारीला मिळेल त्या कापडाचे ठिगळ लागते. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याचा करडा डगलाही असाच तपकिरी झालेला असे. अक्रोडाच्या जातीच्या फळांच्या सालीत रंगवलेले घरगुती कापड त्यांना वापरावे लागले. जो नियमावलीतला रंग देतो तो संचलन रंगवतो. जो उडालेला रंग देतो तो मोहीम रंगवतो. वस्त्रांच्या अर्थकारणावर मी एक आख्खे सत्र व्याख्याने ऐकली आहेत, पण दोन तांबड्यांची ही गोष्ट मला ब्रश धुताना समजली.

आणि आता वेलिंग्टन. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, तो नुसता आर्थर वेलस्ली असताना, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. ही लढाई इंग्रजी वॉरगेमर मंडळींची आवडती आहे. थोडे सैन्य, नदीचा अनपेक्षित उतार, भयंकर तोफखाना. टेबलावर उत्तम रंगते.

या लढाईची ब्रिटिश बाजू रंगवणे सोपे आहे. ७४ व्या हायलँडर पलटणीच्या कॉलर-बाह्यांचा रंग पांढरा, ७८ व्या पलटणीचा फिकट पिवळसर. नियमावलीत सगळे छापलेले. एक आकृती म्हणजे वीस माणसे असे प्रमाण धरले तर ७४ व्या पलटणीचे सुमारे पाचशे लोक म्हणजे पंचवीस आकृत्या. त्या दिवशी या पलटणीचे चारशेच्या आसपास लोक ठार वा जखमी झाले. खेळ इतिहासाप्रमाणे गेला तर तुम्ही एकेक संध्याकाळ देऊन रंगवलेल्या पंचविसांपैकी वीस रात्रीपर्यंत डबीत परतलेले असतात. शिवाय वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य गोरे नव्हतेच, मद्रासचे देशी शिपाई होते. त्यांना न रंगवता असई होत नाही.

समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या तीन ब्रिगेड, सुमारे १०,८०० माणसे. त्याच प्रमाणात ५४० आकृत्या! एकटा माणूस यापुढे हात टेकतो. म्हणूनच सामूहिक संकल्पाचा घाट घातला जातो : एकाने एक ब्रिगेड घ्यायची, दुसऱ्याने तोफा, तिसऱ्याने घोडदळ.

आणि इथे आपली, मराठी वाचकांची, खरी परीक्षा आहे. मला कुणी शिंद्यांचे सैन्य रंगवायला दिले असते तर दोन वर्षांपूर्वी मी डोळे मिटून दिवाळीतला मावळा रंगवला असता : गुडघ्यापर्यंत चोळणा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासे. तो साफ चुकला असता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन्य या साव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतले आणि त्याने उभारलेल्या पलटणींतली भरती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातली, अवध, रोहिलखंड, दोआब इथली होती. संगिनी लावलेल्या बंदुका, युरोपीय धाटणीची कवायत, युरोपीय अधिकारी. असईत त्यांचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता आणि एक ब्रिगेड बेगम समरूची होती. 'मराठ्यांची फौज' हे दोन शब्द आपण किती सहज लिहितो! पण टेबलावर ती उभी करायची तर प्रत्येक शिपायाला कातडीचा रंग, मिशी, पगडीची घडी द्यावी लागते, आणि तेव्हा कळते की या राज्यासाठी मरणारी माणसे कुठून कुठून आली होती.

याच फौजेचे गोलंदाज ब्रिटिश रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले उठले आणि त्यांनी तोफा वळवून पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला पुन्हा मागे येऊन त्या तोफा घ्याव्या लागल्या. या गोलंदाजांची नावे आपल्या पोवाड्यांत नाहीत. लीड्स किंवा टोरांटोच्या एखाद्या घरात, बाहेर बर्फ पडत असताना, कुणीतरी भिंगातून पाहत त्यांच्या कमरपट्ट्याला रंग लावत असेल, हा विचार मला सुखद वाटतो आणि थोडा बोचतोही.

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शत्रू रंगवायचा म्हणजे नाझी सैनिकही रंगवायचे, गुलामगिरीसाठी लढलेले अमेरिकी दक्षिणवालेही. आणि जी फौज देखणी तीच अधिक रंगवली जाते. काही जणांना गणवेशाच्या मोहात तो अंगावर घालणाऱ्याचे कृत्य दिसेनासे होते, हे मी पाहिले आहे. इंचभर सैनिकाच्या हातून रक्त सांडत नाही आणि पटावर जळालेल्या गावात माणसे नसतात. तरीही एकच बाजू रंगवून खेळ मांडता येत नाही, ही या खेळाची अट मला मोलाची वाटते. आपल्याकडे इतिहासावरचे वाद ज्या पद्धतीने चालतात ते पाहता तर फारच.

आम्ही पाच मित्रांनी गेल्या दसऱ्याला असईचा संकल्प केला. पन्नासास एक हे प्रमाण, म्हणजे शिंद्यांचे पायदळ २१६ आकृत्यांचे, मुदत गुढीपाडव्यापर्यंत. विलायतेहून मागवलेल्या सैनिकांपेक्षा टपालखर्च आणि जकातच जड गेली. शिंद्यांची बाजू कुणी घ्यायची यावर भांडण होईल असे वाटले होते. झाले उलटेच. ती सगळ्यांनाच हवी होती, कंपनीची फौज घ्यायला कुणी तयार नव्हते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मद्रासची देशी पलटण माझ्या वाट्याला आली.

दिवाळीत काका घरी आले तेव्हा टेबलावर अकरा तांबडे डगलेवाले वाळत होते. त्यांनी एक उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि विचारले, "हे इंग्रजांचे ना? मग चेहरे आपल्यासारखे का रे?"

बाराव्याच्या चेहऱ्याला रंग देत देत मी त्यांना सांगायला सुरुवात केली.